रकान्यातले साडेतीन

चंद्रभान गुरुजींनी रकान्यात ९.५ च्या खाली १०.५ लिहिलं आणि खडू हातात तसाच धरून ते खिडकीपाशी गेले. गावावरचं आभाळ उघडलं होतं. पोळा तोंडावर आला होता, चिंचेखाली बांधलेल्या कुणाच्यातरी बैलांच्या पाठी उन्हात वाफाळत होत्या. पण वरच्या अंगाला, डोंगराकडे, आभाळ काळंच्या काळं होतं.

"शकुनबाई, अलीकडची पोरं घरी जाऊ द्या," ते म्हणाले. "पल्याडची थांबतील."

शकुनबाई जूनमध्ये अमरावतीहून बदलून आल्या होत्या. नदीकाठच्या शाळेतला हा त्यांचा पहिलाच पावसाळा. त्यांनी बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि काही न विचारता पोरांच्या दोन रांगा केल्या. गावातली पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन पळाली. नदीपलीकडच्या वस्तीतली तीसेक पोरं पुन्हा खाली बसली.

फळ्याच्या उजव्या कडेला पाण्याचा रकाना होता. शाळेच्या टोकाच्या खोलीत पोस्ट होतं आणि पोस्टात गावातला एकुलता एक फोन. पावसाळ्यात वर वाघदरीच्या पुलावर देवमन नावाचा पाटबंधारे खात्याचा माणूस पुलाच्या खांबावरची पट्टी वाचून पाण्याची उंची चौकीतून कळवायचा. इथे पोस्टमास्तर वामनराव ती ऐकायचे आणि मधल्या भिंतीच्या झरोक्यातून शाळेत ओरडून सांगायचे. नुसता आकडा. लाईन केव्हा तुटेल याचा नेम नसे, म्हणून फोनवर जास्तीचा शब्द कुणी बोलत नसे. गुरुजी तो आकडा रकान्यात मांडत. रकान्याच्या माथ्यावर त्यांनी मागच्या वर्षी पांढऱ्या तेलरंगात ठसठशीत अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'फूट'. रोज पुसायला नको, रोज लिहायला नको.

वाघदरीला अकरा फूट झालं की तासाभरात इथला रपटा पाण्याखाली जातो, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. रपटा म्हणजे नदीत टाकलेला दगडी बांध, ना कठडा ना काही. वस्तीला जायची तेवढी एकच वाट.

"गुरुजी, भूक लागली," पाऊण तासानं दुसरीतली मैना म्हणाली.

"किती?"

"दोन."

"दोन काय?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "भाकरी!"

"हां. आकडा उघडा सोडू नये, मैना. सर्दी होते त्याला."

पोरं हसली. हा विनोद त्यांना पाठ होता, तरी हसली. माप न लिहिता उत्तर मांडलं की गुरुजी वहीत त्या आकड्याला एक शिंकणारं नाक काढून देत. कुणालाही ते नाक नको असे.

दारात सावली पडली. मैनाची आई सुंदराबाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात खुरपं. सकाळीच पाणी कमी असताना ती रपट्यावरून इकडे पुंजारामाच्या शेतात निंदायला आली होती. घरी तान्हं पोरगं सासूजवळ ठेवलेलं. तिची चोळी पुढून ओली झाली होती, आणि ती पावसानं झाली नव्हती. शकुनबाईंनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

"गुरुजी, मैनीले सोडा. मी चालली."

"जरासक थांब, माय. वर साडेदहा झालं. पुढचा आकडा येऊ दे."

"मागच्या साली बी आकडाच आला व्हता."

गुरुजींनी खडू बोटांत फिरवला.

"पोट्टे रातभर इथं कोंडले तुमी. या गावातल्या एका चुलीवरून भाकर आली नाही आमच्या लेकरायले. तुमीच आपल्या पातेल्यात भात रांधला, तो बी निम्म्यायले पुरला नाही. अन् पाणी?" तिनं खुरप्यानं नदीकडे दाखवलं. "पाणी आलंच नाही."

ते खरं होतं. पाणी रपट्याला लागलं आणि माघारी गेलं होतं. मग गावातूनच कुणीतरी अकोल्याला अर्ज केला, शाळाखात्याचे साहेब आले, आणि वरून हुकूम असल्याशिवाय पोरांना अडवून ठेवू नये असं शेरेबुकात लिहून गेले. त्यावर चंद्रभान गुरुजींनी सही केली होती. मार्चमध्ये ते निवृत्त व्हायचे होते.

"तान्हं सकाळपासून उपाशी हाये," सुंदराबाई हळू आवाजात म्हणाली. "बुढीजवळ बकरीचं दूध होतं वाटीभर. ते कवाच सरलं असन."

पोस्टातल्या फोनची घंटा खणखणली. वर्ग गप्प झाला. भिंतीपलीकडे वामनराव मोठमोठ्यानं "हॅलो, हॅलो" करत होते. मग क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग झरोक्यातून आवाज आला.

"साडेतीन!"

"किती?" गुरुजी ओरडले.

"साडेतीन, गुरुजी, साडेतीन! लाईन गेली. मी थैली घेऊन मोटारीवर चाललो!"

पोस्टाच्या दाराची कडी वाजली. गुरुजींनी १०.५ च्या खाली ३.५ लिहिलं. लिहिताना खडूची भुकटी बोटांवर सांडली. इतका वेळ ताठ धरलेली पाठ सैल झाली आणि त्यांनी टेबलाला टेकून घेतलं.

"उतरलं," शकुनबाई म्हणाल्या. त्या हसत होत्या.

"उतरलं नं?" सुंदराबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण सुटकाही होती. "उगाच जीव टांगून ठेवला."

"जा," गुरुजी म्हणाले. "पण सहा-सहाच पोरं न्यायची. हातात हात. मधे कुणी थांबायचं नाही. ही सहा पोचव, मग पल्याडून कोणाले तरी इकडं पाठव."

सर्वांत लहान सहा पोरं सुंदराबाईनं रांगेत घेतली. मैना पुढे. जाताना मैनानं मागे वळून फळ्याकडे पाहिलं आणि "साडेतीन फूट" असं मोठ्यानं म्हटलं, गुरुजींना बरं वाटावं म्हणून.

उरलेली पोरं चुळबुळ करत होती. त्यांना बसवून ठेवायचं तर काहीतरी हवं. गुरुजींनी फळ्याचा चौकटींचा भाग पुसला.

"आता आपण पाण्याचं चित्र काढू. नदी कशी चढली आन् कशी उतरली ते पाहू. आडव्या रेघेवर तास, उभ्या रेघेवर फूट. सांगा पहिला."

"साडेसात फूट!"

त्यांनी ठिपका दिला. साडेआठ, साडेनऊ, साडेदहा. एकेक ठिपका एकेक घर वर. पट्टी न लावता त्यांनी चारही जोडले. रेघ भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी सरळ वर गेली.

"आणि आता?"

"साडेतीन फूट!"

पाचवा ठिपका पार खाली पडला. साडेदहाच्या ठिपक्यापासून त्यांनी रेघ खाली ओढायला सुरुवात केली, आणि निम्म्यावर खडू थांबला.

"गुरुजी, पाणी विहिरीत पडलं का हो?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. वर्ग खिदळला.

गुरुजी हसले नाहीत. खडूचं टोक फळ्याला टेकलेलं होतं आणि हात तिथेच राहिला होता. याच नदीच्या काठी ते लहानाचे मोठे झाले होते. चढताना नदी धावत येते, त्यांनी पाहिलं होतं. उतरताना ती दमलेल्या म्हातारीसारखी एकेक वीत मागे सरते, काठावर गाळाची एकेक रेघ ठेवत. तासाभरात सात फूट नदी कधी उतरली नव्हती. आणि डोंगर तर अजून काळाच होता.

त्यांनी रकान्याकडे पाहिलं. ३.५ तिथं बाकीच्या आकड्यांसारखंच बसलं होतं, निमूट, 'फूट' च्या छपराखाली. वामनरावांनी काय म्हटलं होतं? साडेतीन. पुन्हा विचारलं, पुन्हा साडेतीन. फूट असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. रोजच म्हणत नसत.

उन्हाळ्यात ते सातवीच्या पोरांना वाघदरीच्या पुलावर घेऊन गेले होते, नवी मापं दाखवायला. पुलाच्या एका खांबावर फुटांची जुनी लाकडी पट्टी होती, खिळे गंजलेली. शेजारच्या खांबावर खात्यानं नुकतीच लोखंडी पट्टी ठोकली होती. मीटरची. देवमननं पोरांना हसून सांगितलं होतं, "हे नवं सायबायसाठी हाये. मी आपला जुन्यावरच वाचतो."

गुरुजींनी आलेखाच्या कोपऱ्यात घाईनं मांडलं. एक मीटर म्हणजे ३.२८ फूट. साडेतीन मीटर म्हणजे... खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं त्यांनी गुणाकार पुरा केला. ११.४८ फूट.

त्यांनी पाचवा ठिपका तळहातानं पुसला आणि साडेअकराच्या जरासा खाली दिला. शिडीची पुढची पायरी असावी तसा तो रेघेवर बसला.

पोरं आता हसत नव्हती.

"बाई, फोन," गुरुजी म्हणाले. "विचारा, साडेतीन काय." आणि चपला न घालता ते दाराबाहेर पडले.

शाळेपासून नदीपर्यंत उताराची वाट होती, काळ्या मातीची. त्यांनी धोतर एका हातानं वर धरलं. दोनदा पाय सरकला. लिंबाच्या वळणावरून त्यांना रपटा दिसला. पाणी वरून वाहत होतं, पण पातळ, उन्हात चमकणारं. आणि त्या चमकत्या पाण्यात सहा लहान डोकी एकामागे एक चालली होती. सुंदराबाई शेवटी. पुढची मैना मधल्या दगडाजवळ पोचली होती.

"सुंदराबाई! माघारी!"

आवाज पाण्याच्या खळखळाटात गेला. कुणी वळलं नाही. गुरुजी पाण्याच्या कडेशी येऊन थांबले, छाती भात्यासारखी होत होती. मग त्यांनी श्वास भरला आणि शनिवारच्या कवायतीत द्यायचे तसा हुकूम दिला.

"पीछे... मुड!"

सहाही पोरं जागच्या जागी टाचेवर वळली. पाण्यात, दप्तर डोक्यावर, मान ताठ.

"आगे चल! एक, दोन. एक, दोन."

सुंदराबाईला कळायच्या आत पोरं तिच्या बाजूनं काठाकडे निघाली होती. ती त्यांच्यामागे संतापून आली. शेवटचं पोर काठावर चढलं तेव्हा गुरुजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय झालं? तुमीच जा म्हणलं नं?"

"चुकलं माझं. वर पाणी उतरलं नाही. चढून राहिलं."

"कोणं सांगतलं? फोन आला?"

"फोन नाही आला."

"मंग?"

"गणित केलं."

सुंदराबाई पाहतच राहिली. काठावर बैल धुवायला आलेला पुंजाराम, ती निंदायला आली होती त्या शेताचा मालक, मोठ्यानं हसला.

"गुरुजी, नदी कोणत्या शाळेत गेलती? तिले येते का तुमचं गणित?"

"पाणी हे पाहा," सुंदराबाई म्हणाली. तिनं पाय आपटून दाखवला, "घोट्याले. डोयानं दिसून राहिलं. अन् तुमी फळ्याले इचारून आले?"

"देवमननं मीटर सांगितला असेल. आपण फूट समजलो."

"असेल?" तिनं तो शब्द धरला. "असेल म्हणजे? मालूम नाही?"

"नाही. मालूम नाही."

शकुनबाई धावत आल्या. पदर खोचलेला, श्वास लागलेला. त्यांनी नुसती मान हलवली. "पोस्टाला कुलूप. खिडकीतून हात घालून उचलला, लाईन बंद आहे."

पुंजारामनं बैलाच्या पाठीवर थाप मारली. "झालं मंग. आता अकोल्याचा सायब आला की त्याले बी गणित दाखवा. मागच्या साली सही केलती नं तुमी?"

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "सुंदराबाई, मागच्या साली मी चुकलो. आज चुकत असेन. पुढच्या साली इथं राहिलो तर पुन्हा चुकीन. पण पोरं मी सोडत नाही. मोठ्या माणसाले मी धरू शकत नाही. जा म्हणतही नाही."

पलीकडच्या काठावर तिची सासू पंचफुला येऊन उभी राहिली होती. कडेवर लुगड्यात गुंडाळलेलं पोर. ती एक हात वर करून हलवत होती. ये म्हणत होती की थांब म्हणत होती, कळत नव्हतं. पोर रडत असेल तर तेही इथं ऐकू येत नव्हतं.

सुंदराबाईनं एकदा पलीकडे पाहिलं, एकदा मैनाकडे. मग मैनाचा हात सोडवून शकुनबाईंच्या हातात दिला, खुरपं कमरेला खोचलं आणि ती एकटी रपट्यावर उतरली.

"आई!" मैना ओरडली.

सुंदराबाई वळली नाही. लुगडं वर धरून ती झपाझप चालली होती. पाणी खरोखरच घोट्याला होतं. गुरुजींचे ओठ हलत होते, तिची पावलं मोजत असल्यासारखे. पुंजारामही आता हसायचा थांबला होता. बैलानं कान टवकारले आणि तो पाण्यातून मागे सरला.

मधल्या दगडाजवळ सुंदराबाई अडखळली. काहीतरी वाहत येऊन तिच्या पायावर आदळलं होतं आणि रपट्याच्या कडेला अडकून राहिलं होतं. वाकून तिनं ते उचललं. दोन-अडीच हात लांबीची फळी. एका टोकाला वाकलेला गंजका खिळा.

"गुरुजी!" ती ओरडली. "याच्यावर आकडे हायेत!"

तिनं फळी उभी धरली. उन्हात पांढरा रंग दिसला, आणि त्यावर काळे ठळक आकडे. खालचा आठ, मग नऊ, मग दहा. वरचं टोक तुटलेलं.

उन्हाळ्यात गुरुजींनी स्वतः त्या नऊकडे बोट करून पोरांना दाखवलं होतं.

"सुंदरा!" त्यांच्या आवाजातला 'बाई' गळून पडला. "टाक ते! पळ इकडं! पळ!"

तिनं वर पाहिलं. नदीच्या वळणावर पाण्याचा रंग बदलला होता. तिथून पुढे येत होतं ते गढूळ आणि फेसाळ होतं, त्यात उपटलेली हिरवी ज्वारी मुळांसकट गिरक्या घेत होती. आवाज नंतर आला. ती माघारी पळाली. फळी तिनं टाकली नाही. पाणी घोट्यावरून पोटरीला आलं, पोटरीवरून गुडघ्याला. शेवटच्या दगडांवर तिचा पाय उचलेना. पुंजाराम बैलाचा कासरा सोडून पाण्यात शिरला आणि त्यानं हात पुढे केला. सुंदराबाईनं त्या हाताकडे एकदा पाहिलं. वर्षानुवर्षं तिला मजुरी देताना तो हात, विटाळ नको म्हणून, नाणी वरून सोडत असे. मग तिनं तो धरला.

ती काठावर चढली तेव्हा मागे रपटा दिसत नव्हता.

थोड्या वेळानं मधल्या दगडाची खूणही गेली. नदी लिंबाच्या मुळांपर्यंत आली. सगळे मागे मागे सरकत शाळेच्या ओट्याशी आले. सुंदराबाई मात्र ओट्याच्या टोकाशी उभी होती, फळी अजून हातात, डोळे पलीकडच्या काठावर. पंचफुला तिथंच होती. पुन्हा हात हलवत होती.

"काय म्हणून राहिली बुढी?" सुंदराबाई पुटपुटली. "काय म्हणून राहिली, काही समजत नाही, माय."

पलीकडे दुसरी एक बाई आली. तिनं पंचफुलाच्या हातात काहीतरी दिलं. पंचफुलानं ते उंच धरलं. पितळेचा गडवा होता, उन्हाच्या शेवटच्या तिरपीत लखलखला. मग तिनं पोराला छातीशी आडवं घेतलं, गडव्यात पदराचं टोक बुडवलं आणि पोराच्या तोंडाशी नेलं. एकदा, दोनदा. मग पुन्हा गडवा उंच धरून हलवला.

"पेऊन राहिलं," सुंदराबाई म्हणाली. "दूध भेटलं त्याले." आणि आता कुठे ती खाली बसली.

दिवस बुडताना पुंजारामची बायको मनकर्णाबाई डोक्यावर टोपली घेऊन आली. ओट्याच्या पायरीशी ती घुटमळली, मग वर चढून आली.

"किती हायेत लेकरं?"

शकुनबाईंनी सांगितलं. मनकर्णाबाईनं भाकरी मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. "पुरतीन. पाठीमागून चतुराबाई बी घेऊन येऊन राहिली. पिठलं हाये."

गावातली आणखी माणसं आली. ओट्यावर उभं राहून जो तो सांगत होता, गुरुजींनी शाळेत बसल्या बसल्या कसं पाणी ओळखलं. पुंजाराम सर्वांत मोठ्या आवाजात सांगत होता. गुरुजी आत, फळ्याजवळ, खाली मान घालून बसले होते. तुटकी पट्टी भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

वामनराव थैली पोचवून परत आले ते थेट वर्गातच शिरले. टोपी हातात, तोंडावर घाम.

"ऐकलं मी मोटारस्टँडवर. बाप्पा! थोडक्यात वाचली पोरं." त्यांनी फळ्यावरचा गुणाकार पाहिला, मग रकाना. "पण गुरुजी, देवमन बोलला होता. साडेतीन मीटर म्हणे, लाकडी पट्टी गेली म्हणे. मंग लाईन तुटली."

गुरुजींनी मान वर केली.

"मग तुम्ही..."

"मले कुठी समजते हो, मीटर अन् फूट. मागच्या सालीच तुमी नाही का म्हणलं? वामनराव, मले निरा आकडा देत जा, बाकीचं म्या वर लिहून ठेवलं. तवापासून मी आकडाच देतो." ते थांबले. त्यांच्या लक्षात आलं की दारात सुंदराबाई उभी आहे. त्यांनी टोपी घातली. "येतो मी. पोस्ट उघडून पाहतो, लाईन आली का."

ते गेले. बाहेर पोरं पिठलं मागत होती. कुणीतरी "अजून दोन" म्हणालं आणि चार-पाच जणांनी "दोन काय?" म्हणून त्याला गांजलं.

"त्या पोस्टमास्तरानं सांगतलं नाही," सुंदराबाई म्हणाली, "म्हणून झालं नं हे?"

ओट्यावर पुंजारामचा आवाज चढला होता. गुरुजींचं नाव पुन्हा निघालं. गुरुजींनी गुडघ्यावर हात ठेवले आणि उठले.

"नाही, माय. सांगू नका, असं मीच म्हणलं होतं."

तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते कमी उजेडात त्यांना दिसलं नाही, आणि त्यांनी पाहण्याचा प्रयत्नही केला नाही. टेबलाच्या खणातून त्यांनी पेन्सिली तासायची पत्ती काढली. कोपऱ्यातलं स्टूल ओढून फळ्याच्या उजव्या कडेला लावलं. ते एका पायानं आखूड होतं. गुरुजी चढले तसं डुगडुगलं, त्यांनी फळ्याची कड धरली.

मग एका हातानं ते रकान्याच्या माथ्यावरची अक्षरं खरडू लागले. तेलरंग होता, सहज निघत नव्हता. 'फू' चा अर्धा भाग निघाला आणि पांढरा चुरा त्यांच्या मनगटावर पडला. पत्ती जोरानं दाबली की स्टूल कलायचं आणि ते थांबायचे.

पाचव्यांदा त्यांनी पत्ती दाबली तेव्हा स्टूल हललं नाही.

त्यांनी खाली पाहिलं. सुंदराबाई जमिनीवर उकिडवी बसली होती, आखूड पायाखाली तळहात देऊन.

"खरडा तुमी," ती म्हणाली. "म्या धरलं हाये."